जुनी कुलपं आणि बेड्या: लोखंडाचा पुरावा वाचायचा कसा

१७८७ साली थॉमस क्लार्कसन नावाचा एक तरुण इंग्रज लिव्हरपूल बंदरात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुरावे गोळा करत हिंडत होता. एका दुकानात त्याला हातकड्या, पायातल्या बेड्या, अंगठे पिळायचे स्क्रू आणि जबडा उघडायचं एक लोखंडी उपकरण विकायला मांडलेलं दिसलं. त्याने त्या वस्तू विकत घेतल्या. जबड्याचं उपकरण कशाला लागतं, असं विचारल्यावर दुकानदाराने सांगितलं की जहाजावर जेवण नाकारणाऱ्या गुलामांना जबरदस्तीने भरवायला. पुढे १८०८ मध्ये छापलेल्या इतिहासात क्लार्कसनने या वस्तूंची चित्रं दिली. जे लोक अशा जहाजावर कधीही पाऊल ठेवणार नव्हते, त्यांना तिथे काय चालतं हे त्या चित्रांनी दाखवलं.

क्लार्कसन छंद म्हणून वस्तू जमवत नव्हता. पण या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला मी आधी त्याचंच उदाहरण देतो. वस्तू कुठे मिळाली, कधी मिळाली, विकणारा काय म्हणाला, हे सगळं त्याने लिहून ठेवलं. त्यामुळे सव्वादोनशे वर्षांनंतरही त्या लोखंडाबद्दल ठामपणे बोलता येतं. नोंद नसती तर त्या बेड्या म्हणजे फक्त गंजलेल्या कड्या उरल्या असत्या.

कुलपं आणि बेड्या हे दोन विषय एकाच छंदात का येतात, असं बरेच जण विचारतात. हातकडी हे मुळात कुलूपच असतं. त्याची कडी कोयंड्याऐवजी मनगटाभोवती बसते, इतकाच फरक. बनवणारे कारागीरही पुष्कळदा त्याच भागातले. इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन आणि विलेनहॉल ही कुलपांची गावं, तर शेजारच्या बर्मिंगहॅममध्ये हायट ही बेड्या बनवणारी प्रसिद्ध कंपनी. त्यामुळे कुलपाची आतली रचना समजली की बेडीचं निम्मं काम समजतं.

आत काय चालतं

कुठल्याही कुलपात एक सरकणारी खिटी असते आणि ती सरकू नये म्हणून घातलेला एक अडथळा असतो. खरी किल्ली तो अडथळा पार करते किंवा बाजूला सारते. कुलपांचा सगळा इतिहास हा अडथळा कसला आहे, याचा इतिहास आहे.

सगळ्यात साधा अडथळा म्हणजे कुलपाच्या पोटात बसवलेल्या स्थिर पट्ट्या. त्यांना वॉर्ड म्हणतात. किल्लीच्या पात्याला त्या पट्ट्यांच्या मापाच्या खाचा असतात, म्हणून ती अडकल्याशिवाय फिरते. रोमन काळापासून अठराव्या शतकापर्यंत युरोपात हीच पद्धत प्रमुख होती. तिच्यात एक मोठी खोट आहे. पट्ट्या चुकवून थेट खिटीपर्यंत पोचणारी बारीक किल्ली केली की कुलूप उघडतं. म्हणूनच नक्षीदार, गुंतागुंतीच्या खाचांची भलीमोठी किल्ली पाहून ते कुलूप मजबूत असेल असं समजू नये. त्या खाचांमागे कारागिराचं कौशल्य असतं, पण सुरक्षितता त्यांच्यामुळे फारशी वाढत नसे.

दुसरा प्रकार म्हणजे पानांच्या स्प्रिंगचं कुलूप. रोमन, व्हायकिंग, चिनी, पर्शियन अशा कितीतरी संस्कृतींमध्ये ते सापडतं. कडीच्या दांड्याला स्प्रिंगची चपटी पानं जोडलेली असतात. दांडा कुलपात ढकलला की पानं दबून आत जातात आणि आत पोचल्यावर छत्रीच्या काड्यांसारखी फाकतात. मग दांडा मागे येत नाही. किल्ली इथे फिरवायची नसते. ती सरळ आत सरकवायची, म्हणजे पानं मिटतात आणि दांडा सुटतो. जुन्या बेड्यांवरही अशी कुलपं दिसतात. अनोळखी कुलपाची किल्ली जोर लावून फिरवायला जाऊ नका, असं मी सांगतो ते यामुळेच. ती फिरवायची किल्ली नसेलच, तर तुम्ही फक्त स्प्रिंग मोडाल.

तिसरी पद्धत पिनांची. आजच्या इराकमधल्या खोर्साबाद इथे, सर्गोन दुसऱ्याच्या इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या राजवाड्याच्या अवशेषांत, एक लाकडी कुलूप मिळाल्याचं वर्णन एकोणिसाव्या शतकात छापलं गेलं. आडव्या अडसरात भोकं असत आणि वरून लाकडी खुंट्या त्यांत पडत. खुंट्यांच्या मापाची किल्ली खालून घालून उचलली की खुंट्या वर जात आणि अडसर मोकळा होई. अमेरिकेतल्या लायनस येल बापलेकांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हीच कल्पना धातूच्या छोट्या सिलिंडरमध्ये बसवली. धाकट्या येलची पेटंटं १८६१ आणि १८६५ ची आहेत. दाराला आज दिसणारी चपटी, दातेरी किल्ली त्याच घराण्यातली.

पण संग्राहकाच्या दृष्टीने खरा रोमांचक काळ १७७८ ते १८५१ हाच, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरनने लिव्हरच्या, म्हणजे किल्लीने उचलायच्या आतल्या पट्ट्यांच्या, कुलपाचं पेटंट घेतलं. त्याआधीचे लिव्हर नुसते उचलले की काम व्हायचं. बॅरनचे लिव्हर ठरलेल्या उंचीवर थांबावे लागत. कमी उचलले तरी कुलूप बंद आणि जास्त उचलले तरी बंद. १७८४ मध्ये जोसेफ ब्रामाने नळीच्या आकाराच्या किल्लीचं कुलूप आणलं. त्यात गोल मांडलेल्या पट्ट्या प्रत्येकी ठरलेल्या खोलीपर्यंत दाबल्या जाव्या लागत. त्याने असं एक कुलूप लंडनमधल्या पिकॅडिलीच्या दुकानात काचेत ठेवलं आणि जो ते उघडायचं साधन बनवेल त्याला २०० गिनी (तेव्हाची इंग्रजी सोन्याची नाणी) देण्याची पाटी लावली. त्या कुलपात १८ पट्ट्या होत्या.

१८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली. सरकारने न फोडता येणाऱ्या कुलपासाठी बक्षीस जाहीर केलं आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब्बने आपल्या कुलपाचं पेटंट घेतलं. त्याची युक्ती अशी की एखादा लिव्हर प्रमाणाबाहेर उचलला गेला की एक स्प्रिंग त्याला तिथेच पकडून ठेवायची. मग खऱ्या किल्लीनेही कुलूप उघडत नसे आणि कुणीतरी हात लावला होता हे मालकाला कळे. सुरुवातीच्या कुलपांत ही अडकण सोडवायला वेगळी किल्ली लागे. नंतरच्या सुधारणेत मूळ किल्लीच उलटी फिरवली की काम होऊ लागलं. चब्बचं जुनं कुलूप हाती आलं तर त्याला वेगळी किल्ली लागते का, हे आधी बघावं. त्यावरून ते आधीचं की नंतरचं हे लगेच ठरतं.

मग आलं १८५१ चं लंडनचं महाप्रदर्शन. अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्जने चब्बचं कुलूप २५ मिनिटांत उघडून दाखवलं. नंतर त्याने ब्रामाचं आव्हान घेतलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून त्याने तेही उघडलं आणि २०० गिनी मिळवल्या. आपली कुलपं अभेद्य आहेत असं मानून बसलेल्या लोकांना हा जबरदस्त धक्का होता, आणि पुढच्या कित्येक सुधारणा त्या धक्क्यातून झाल्या. ब्रामाचं ते कुलूप आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

मनगटाच्या मापाचा प्रश्न

हातकड्यांची अडचण वेगळी होती. मनगटं सारखी नसतात. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ वापरली गेलेली डार्बी हातकडी ठरावीक मापाची असे. तिची किल्ली आटे असलेली, स्क्रूसारखी फिरवायची. बारीक मनगट त्यातून निसटे आणि जाड मनगटावर ती बंदच होत नसे, किंवा बंद झाली तर मांसात रुते. तरीही रचना साधी आणि टिकाऊ असल्यामुळे ती विसाव्या शतकातही बराच काळ वापरात राहिली.

१८६२ मध्ये अमेरिकेत डब्ल्यू. व्ही. अॅडम्सने कडीवर खाचा पाडून ती हव्या त्या मापाला थांबवायची सोय केली आणि तिचं पेटंट घेतलं. पुढच्या दोन दशकांत फेल्प्स, टॉवर, बीन अशी नावं येतात. टॉवरच्या हातकड्यांमुळे दुहेरी कुलपाची पद्धत रूढ झाली. एकदा ते लावलं की कडी आणखी आवळली जात नाही आणि पातळ पत्रा सरकवून खाच सोडवणंही अवघड होतं. १९१२ च्या पेटंटावर आधारलेल्या पीअरलेस हातकडीत कडी पूर्ण आरपार फिरू लागली, म्हणून मनगटावर नुसती आपटली तरी ती बसते. आजच्या पोलिसांच्या हातकड्या तिच्याच वंशातल्या.

याच काळात हॅरी हुडिनीसारखे जादूगार बेड्यांतून सुटण्याचे खेळ करू लागले. १९०४ मध्ये लंडनच्या हिप्पोड्रोममध्ये, खास बनवलेल्या एका हातकडीतून सुटायला त्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागला. हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. माझ्या मते हुडिनीचं नाव या क्षेत्रात गरजेपेक्षा जास्त घेतलं जातं. अमुक हातकडी त्याने वापरली होती, असं विक्रेता म्हणाला तर त्या काळातलं पत्र, छायाचित्र किंवा पावती मागावी. काहीच नसेल तर ती त्या काळातली एक हातकडी समजून किंमत करावी.

तारीख कशी ठरवायची

सगळ्यांत जास्त फसगत पेटंटच्या तारखेने होते. हातकडीवर १८७९ कोरलेलं असलं म्हणजे ती १८७९ ची, असं सर्रास लिहिलेलं दिसतं. त्या तारखेवरून एवढंच कळतं की वस्तू त्याआधीची असू शकत नाही. तेच मॉडेल तोच ठसा मारून पुढची कित्येक वर्षं बनत राहतं.

पेटंट क्रमांकांच्याही खुब्या असतात. ब्रिटनमध्ये १८५२ पासून १९१५ पर्यंत क्रमांक दर वर्षी नव्याने १ पासून सुरू होत, म्हणून वर्ष माहीत नसेल तर नुसत्या क्रमांकाचा उपयोग नाही. १९१६ पासून १,००,००१ पासून सलग मालिका सुरू झाली. अमेरिकेत सलग क्रमांक १८३६ पासून आहेत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेटंट कार्यालयाला आग लागून आधीची बहुतेक कागदपत्रं जळाली, त्यामुळे त्याआधीच्या अमेरिकन कुलपांचा माग काढणं फार कठीण आहे. ब्रिटिश वस्तूवर उभ्या शंकरपाळीच्या आकाराची खूण दिसली, तर ती १८४२ ते १८८३ मधल्या नोंदणीकृत डिझाइनची. तिच्या कोपऱ्यांतल्या अक्षरांवरून नोंदणीचा दिवससुद्धा काढता येतो.

मुकुट आणि व्हिक्टोरिया राणीची व्हीआर ही अक्षरं असलेली कुलपं सरकारी म्हणून विकली जातात. साध्या बाजारी कुलपांवरही कारखानदार हा ठसा हौसेने मारत. ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खरी खूण म्हणजे रुंद बाणाचं चिन्ह. चब्बच्या कुलपांवर अनुक्रमांक आणि दुकानाचा पत्ता असतो. कंपनीचे पत्ते बदलत गेले, त्यामुळे या दोन्हींची सांगड घालून काळ बराच नेमका ठरतो.

ठसा नसेल तर धातूकडे वळायचं. १८५६ मध्ये बेसेमरची पोलाद बनवायची पद्धत आली आणि पुढच्या काही दशकांत स्वस्त पोलादाने घडीव लोखंडाची जागा घेतली. घडीव लोखंड गंजतं तेव्हा आत राहिलेल्या धातुमळीमुळे लांबट तंतूंचा पोत उघडा पडतो. पोलाद तसं गंजत नाही. अठराव्या शतकातली म्हणून दाखवलेली बेडी पोलादाची निघाली तर संपलं. मात्र उलटं खरं धरू नये. जुनं घडीव लोखंड तापवून, ठोकून नवी वस्तू आजही करता येते. साखळीचे दुवे जरूर पाहावेत. लोहाराने भट्टीत जोडलेला दुवा जोडाजवळ जाडसर आणि थोडा वेडावाकडा असतो. विजेच्या वेल्डिंगचा एकसारखा फुगवटा दिसला तर ती साखळी बहुधा विसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. स्क्रूवर अधिक चिन्हाची खाच असेल तर तो १९३० च्या दशकाआधीचा नाही.

खोट्या वस्तू आणि खोट्या गोष्टी

इथे दोन वेगळे प्रकार आहेत. कधी वस्तू खोटी असते, आणि कधी वस्तू खरी पण तिच्याबद्दलची गोष्ट खोटी असते.

दुसऱ्या प्रकाराचं उत्तम उदाहरण म्हणजे आर्माडा पेटी. लोखंडी पट्ट्यांची मजबूत पेटी, पुढे दिसणारं किल्लीचं भोक नकली, खरं भोक झाकणाच्या मधोमध लपवलेलं आणि एका किल्लीने झाकणाच्या चारही बाजूंच्या खिट्या सरकतात. १५८८ च्या स्पॅनिश आरमाराशी, म्हणजे आर्माडाशी, तिचा संबंध नाही. या पेट्या मुख्यतः न्यूरेंबर्ग आणि दक्षिण जर्मनीत बनल्या आणि हे नाव त्यांना एकोणिसाव्या शतकात चिकटलं. पश्चिम आफ्रिकेतल्या मनिला या धातूच्या उघड्या कड्याही अशाच. त्या गुलामांच्या बांगड्या म्हणून विकल्या जातात. प्रत्यक्षात ते चलन होतं. गुलामांच्या व्यापारात ते वापरलं गेलं हे खरं, पण कुणाला बांधायला नव्हे. नायजेरियात ब्रिटिश सरकारने १९४८ पासून ते चलनातून काढून घेतलं, तेव्हा ३ कोटी २० लाखांहून जास्त मनिला गोळा झाल्या.

पहिल्या प्रकारात मध्ययुगीन छळाची साधनं अग्रभागी आहेत. न्यूरेंबर्गची लोखंडी कुमारी, म्हणजे आतून खिळे असलेली माणसाच्या आकाराची पेटी, हिची कहाणी १७९३ मध्ये योहान फिलिप सीबेनकेसने छापली आणि प्रत्यक्ष पेट्या एकोणिसाव्या शतकात प्रदर्शनासाठी तयार झाल्या. बायकांच्या शीलरक्षणासाठी कमरेला लावत असं सांगितलं जातं त्या कुलूपबंद शीलपट्ट्यांचंही तेच. १४०५ च्या सुमाराच्या कोन्राड कायझरच्या युद्धविषयक हस्तलिखितात एक चित्र आहे, पण संग्रहालयांत असलेले नग बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले ठरले आहेत. मध्ययुग किती रानटी होतं हे दाखवायची हौस त्या काळाला होती आणि लोहारांनी ती पुरवली. याशिवाय अमेरिकेतल्या अल्काट्राझ किंवा युमा तुरुंगाचं नाव ठसठशीत कोरलेल्या बेड्या, वेल्स फार्गो या अमेरिकन कंपनीचं नाव असलेली पितळी कुलपं अलीकडे ढिगाने बनलेली आहेत. नाव जितकं प्रसिद्ध आणि ठसा जितका ठळक, तितकी माझी शंका वाढते.

गुलामांच्या बेड्यांचा बाजार मात्र मला नुसता फसवणुकीचा वाटत नाही, तो संतापजनक वाटतो. जनावरांच्या पायात घालायच्या कुलूपबंद बेड्या, तुरुंगातल्या बेड्या, काल वेल्डिंग करून आम्लात बुडवलेल्या कड्या, सगळं त्या नावाखाली विकलं जातं. खऱ्या बेड्या कशा होत्या हे कळायला एक बुडालेलं जहाज उपयोगी पडतं. हेन्रिएटा मरी हे लंडनचं जहाज १७०० मध्ये जमैकात माणसं विकून परतताना फ्लॉरिडाजवळ बुडालं. १९७२ मध्ये त्याचे अवशेष सापडले आणि १९८३ मध्ये जहाजाचं नाव व १६९९ हे साल कोरलेली घंटा मिळाली, त्यामुळे ओळख पक्की झाली. त्या जागी ८० हून अधिक बेड्यांचे जोड निघाले. त्यांतल्या काही इतक्या लहान आहेत की त्या फक्त मुलांच्या किंवा फार बारीक हातापायांच्या मापाच्या असू शकतात. बहुतेकांना कुलूप नाही. सरळ दांडा, त्यावर दोन कड्या आणि टोकाला ठोकून बसवलेली पाचर. शेकडो माणसांना बांधायचं तर इतक्या कुलपांचा खर्च कोण करणार? भलंमोठं कुलूप लटकवलेली, नाटकात शोभेल अशी बेडी समोर आली की या साध्या पाचरेची आठवण ठेवावी.

अशी वस्तू खासगी माणसाने जवळ ठेवावी का, यावर मतभेद आहेत. माझं मत असं: मूळ ठिकाणाचा पुरावा असलेली बेडी संग्रहालयात जावी, आणि पुरावा नसलेली विकतच घेऊ नये, कारण मागणीमुळेच नकली माल बनतो. कायदाही पाहावा लागतो. युरोपीय संघाने छळासाठीच उपयोगी पडणाऱ्या वस्तूंचा व्यापार २००५ च्या नियमाने बंद केला. आजच्या यादीत अंगठ्याच्या बेड्या आणि दांड्याच्या पायबेड्याही आहेत, आणि अपवाद आहे तो ऐतिहासिक महत्त्वामुळे संग्रहालयात मांडण्यासाठी. इतर देशांचे नियम निराळे आहेत, म्हणून सीमेपलीकडे काही मागवण्याआधी चौकशी करावी.

हात लावण्याआधी

गंज पूर्ण काढून लोखंड चकचकीत करणं हा या छंदातला सगळ्यात मोठा अपराध. तारेच्या ब्रशने गंजाबरोबर ठसे, कानशीच्या खुणा आणि झीज निघून जाते, आणि तारीख ठरवायचा आधार तेवढाच असतो. मऊ ब्रशने धूळ झटकावी, जागा कोरडी ठेवावी, संग्रहालयात वापरतात त्या मेणाचा पातळ थर पुरेसा आहे. समुद्रातून निघालेलं लोखंड घरी हाताळू नये. त्यातलं मीठ काढायला प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने लागतात. कुलपाचे रिव्हेट तोडून आत डोकावण्यापेक्षा क्ष-किरण छायाचित्र काढून घ्यावं. किल्ली अडली तर थांबावं.

नोंदवहीत प्रत्येक नगाचं माप, वजन, ठशांवरची अक्षरं जशीच्या तशी, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो, कुणाकडून कधी मिळाला आणि तो काय म्हणाला, हे लिहावं. विक्रेत्याचं म्हणणं आणि स्वतः तपासलेली गोष्ट वेगळ्या रकान्यांत असावी. झीज कुठे आहे हे आवर्जून लिहावं: बिजागरी, किल्लीचं भोक, कडीची आतली बाजू. खरोखर वापरलेली हातकडी आतून गुळगुळीत झालेली असते आणि बिजागरीत सैल. सगळीकडून सारखीच गंजलेली आणि बिजागरीत घट्ट असेल, तर ती कुणाच्या मनगटावर गेलेलीच नाही.